तोक्योत कोळशावरचं चिकन खायला जाताना

दादा साताऱ्याहून पहिल्यांदा तोक्योला आला, तेव्हा मी त्याला गिन्झातल्या एका नव्या धाटणीच्या याकितोरीवाल्याकडे नेलं. याकितोरी म्हणजे काडीला टोचून कोळशावर भाजलेलं चिकन. पहिली काडी समोर आल्या आल्या त्याने विचारलं, "कांदा-लिंबू नाही देत?" तेव्हापासून इथल्या निशि-कासाई भागातल्या आमच्या घरी जो पाहुणा येतो, त्याला निघण्याआधीच चार गोष्टी सांगून ठेवतो.

जागा आधी बुक करा, आणि मागायची ती काउंटरचीच. टेबलावर बसलात तर अर्धी गंमत गेली. अशा ठिकाणी काउंटरला जेमतेम आठ-दहा खुर्च्या असतात, त्यामुळे उशिरा पोचलात तर सगळ्यांचाच ताल बिघडतो. आणि अत्तर घरी ठेवा. तिथे वास घ्यायचा तो निखाऱ्यांचा.

तो कोळसा म्हणजे बिन्चोतान. उबामे नावाच्या ओकच्या कठीण लाकडाचा, वाकायामाकडचा सगळ्यात नावाजलेला. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की धातूसारखा टणटण आवाज येतो. त्याला ज्वाळा नाही, स्वतःचा धूर जवळजवळ नाही. नुसती कोरडी, प्रखर धग. मग धुराचा वास कुठून? चिकनची चरबी निखाऱ्यावर ठिबकते, तिथून. भाजणारा एका हाताने पंखा हलवतो आणि दुसऱ्या हाताने काड्या सारख्या फिरवत राहतो. आपल्याकडच्या कणसवाल्याचे हात आठवा; फक्त इथे एका वेळी दहा कणसं.

मागवायचं काय? पहिल्यांदा गेलात तर 'ओमाकासे' म्हणा आणि त्याच्यावर सोडून द्या. तो एकेक काडी देत जातो. पोट भरलं की बऱ्याच ठिकाणी 'सुतोप्पु', म्हणजे स्टॉप, म्हटलं तरी चालतं. स्वतः निवडायचं असेल तर मोमो म्हणजे मांडी, नेगिमा म्हणजे मांडी आणि नेगी, म्हणजे पातीचा जाड कांदा, कावा म्हणजे साल, सुनागिमो म्हणजे पेटा, हात्सु म्हणजे दिल. कलेजी-पेटा आवडीने खाणाऱ्या आपल्या लोकांना हा खजिनाच आहे. त्सुकुने हे खिम्याचं. सोबत अंड्याचा कच्चा पिवळा बलक आला तर त्यात बुडवा.

प्रत्येक काडी 'शिओ', म्हणजे मिठावर, किंवा 'तारे', म्हणजे सोया सॉस आणि मिरिन (स्वयंपाकातली तांदळाची गोड दारू) यांच्या गोडसर रसात. साल आणि पेटा मिठावर, कलेजी तारेत, हे माझं मत. बायकोला पटत नाही.

काडी समोर आली की लगेच खा. फोटो एकच काढा. दादाने चार काढले, तोवर कुरकुरीत साल मऊ पडली. चॉपस्टिकने तुकडे काढून सगळ्यांत वाटायचा आपला पाहुणचार इथे नको, काडीवरूनच खायचं. मोकळ्या काड्या समोरच्या नळीत टाकायच्या.

एक सावधगिरी. काही ठिकाणी कलेजी आतून गुलाबी ठेवतात, क्वचित चिकनही अर्धवट भाजतात. मी ते खात नाही. अर्धकच्च्या चिकनने पोट बिघडू शकतं. "योकु याइते कुदासाई", म्हणजे नीट भाजून द्या, एवढं बिनधास्त सांगा. डुक्कर-गाय चालत नसेल तर "बुता तो ग्यू वा ताबेमासेन" हे बुकिंग करतानाच सांगा. तिथे बसल्यावर नको. शुद्ध शाकाहाऱ्याला मात्र आणूच नका. शिशितो मिरच्या, शिइताके मशरूम, गिन्नान म्हणजे गिंको झाडाच्या बिया मिळतात, पण त्याच जाळीवर, आणि तारेच्या त्याच भांड्यात चिकनच्या काड्या बुडालेल्या असतात.

सुरुवातीला न मागता एक छोटी वाटी आली तर ती फुकट समजू नका. ती 'ओतोशी', तिचे काहीशे येन बहुतेक बिलात लागतात. टीप मात्र द्यायची नाही. दादाने हजाराची नोट ठेवली होती, पोरगा ती घेऊन आमच्यामागे रस्त्यावर धावत आला.

उठताना भाजणाऱ्याकडे बघून "गोचिसोसामा देशिता", म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणा. आणि चांगला कोट घालून जाऊ नका. घरी परतताना मेट्रोच्या तोझाई लाइनवर शेजारचा माणूसही ओळखतो, आज कुठे जेवलात ते.