टोर्नेडो टिपायला निघण्यापूर्वी

डॅलसहून ओक्लाहोमाच्या माळावर संध्याकाळचा टोर्नेडो टिपायला निघणार असाल, तर मे महिना साधा. ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावच्या वादळ अंदाज केंद्राचा नकाशा सकाळी बघाच. स्थानिक वेळेने साडेअकराला आणि दुपारी 3 ला तो नव्याने येतो, तेव्हा पुन्हा बघा. नकाशावर वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) दिलेल्या असतात, त्यातून 5 तास वजा केले की स्थानिक वेळ. टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्या. गावाची वीज गेली की पंपही बंद पडतात. कागदी नकाशा आणि बॅटरीवरचा हवामान रेडिओ हवाच, कारण रेंज गेली की मोबाइलवरचं रडारही गेलं. रेंज असली तरी रडारचं चित्र काही मिनिटं शिळं असतं, त्याच्या भरवशावर गाडी पुढे दामटू नका.

खरा अभ्यास रस्त्यांचा. सुपरसेल, म्हणजे टोर्नेडो ज्यांतून उतरतात ती गरगरती गडगडाटी वादळं, बहुधा ईशान्येकडे सरकतात, म्हणून आपण त्यांच्या आग्नेयेला थांबायचं आणि दक्षिणेला सुटायला डांबरी रस्ता हाताशी ठेवायचा. मैलामैलावरचे मातीचे रस्ते नकाशात झकास दिसतात, पण ती तांबडी माती भिजली की चाकं जागच्या जागी फिरतात. शिवाय ‘बहुधा’ म्हणजे नेहमी नव्हे. 31 मे 2013 ला ओक्लाहोमातल्याच एल रीनो गावाजवळचा टोर्नेडो बघता बघता सुमारे 4.2 किलोमीटर रुंद झाला आणि वळला. वादळांचा पाठलाग करून अभ्यास करणारे टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यात गेले. तिघांपैकी कुणीही नवशिका नव्हता. पुलाखाली आडोसा तर मुळीच घेऊ नका, तिथे वारा आणखी जोराने घुसतो.

कॅमेऱ्याचं त्या मानाने सोपं. आग्नेयेकडून पाहिलं की मावळतीचा उजेड टोर्नेडोच्या सोंडेच्या मागे येतो, तेव्हा एक्स्पोजर आकाशावर धरा. दूरच्या खांबावर उजेडातच फोकस जमवून रिंगला चिकटपट्टी लावा. अंधारात ऑटोफोकस चाचपडत बसतो. ट्रायपॉड बुटकाच ठेवा. शटर 1/60 च्या खाली नेण्यापेक्षा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) चढवा, फोटोत दाणा आला तर येऊ दे. विजा जवळ आल्या की मात्र गाडीत बसून काचेआडून जमेल तेवढंच.

मेअखेरीस तिथे सूर्य साडेआठनंतर मावळतो. त्यानंतर सोंड दिसते ती विजेच्या लखलखाटापुरती, म्हणून परतायची वेळ आधीच ठरवा आणि मुक्कामाची खोली वादळाच्या वाटेबाहेर, दक्षिणेला घ्या. गाडी भाड्याची असेल तर विम्यात गारांचं नुकसान धरलंय का, हे किल्ली घेतानाच विचारा.