अपघातानंतर गाडीचा क्लेम करताय? सर्व्हेअर येण्याआधी या चुका टाळा

गॅरेजमध्ये बसून मोटार विम्याचे क्लेम मार्गी लावणं हे माझं रोजचं काम. क्लेम अडकला की लोक सर्व्हेअरच्या, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाच्या नावाने बोटं मोडतात. काही सर्व्हेअर खरोखरच अडवणूक करतात, नाही असं नाही. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक अडकलेल्या क्लेमचं वाटोळं सर्व्हेअर गाडीपाशी पोहोचण्याआधीच झालेलं असतं.

सगळ्यात महागात पडते ती ही चूक: आपटलेली गाडी तशीच चालवत आणणं.

पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून पुण्याकडे येताना एका कुटुंबाची गाडी खालून दगडावर आपटली. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी तडकली, ऑइल गळायला लागलं. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला, तरी "गाडी चालतेय ना, मुळशीपर्यंत जाऊ, मग बघू" म्हणत त्यांनी गाडी हाकली. काही किलोमीटरवर इंजिन जाम झालं. आमच्याकडे टोइंगवरून गाडी उतरली तेव्हा चेंबरमध्ये ऑइलचा थेंब नव्हता. सर्व्हेअरसमोर इंजिन उघडलं, तर बेअरिंग जळून काळी पडलेली आणि क्रँकवर बोटाला लागतील असे ओरखडे. त्याने चेंबर आणि ऑइल मंजूर केलं, इंजिन नामंजूर. मालक तावातावाने भांडले. पण मोटार पॉलिसीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी. त्या दिवशी सर्व्हेअर बरोबर होता आणि मी मालकांना तसं तोंडावर सांगितलं. चेंबरचं काम हजारांत भागलं असतं, इंजिन लाखाच्या पुढे गेलं.

म्हणून गाडी खालून लागली की लगेच बंद करा, खाली वाकून बघा, ऑइल किंवा कूलंट गळताना दिसलं तर टोइंग बोलवा. उशीर झाला तरी चालेल. पाण्यात बंद पडलेल्या गाडीलाही हेच लागू. "एकदा सेल्फ मारून बघू" म्हणणाऱ्यांनी किती इंजिनं घालवली असतील! सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर घेतलेलं नसेल तर तो खर्च सहसा मंजूर होत नाही.

दुसरी चूक घाईची. सर्व्हे व्हायच्या आत गाडी खोलायची नाही. बंपर काढला, हेडलाइट बदलला आणि जुना भाग भंगारात गेला की सर्व्हेअरने बघायचं काय? बदललेले भाग रि-इन्स्पेक्शन, म्हणजे दुरुस्तीनंतरची फेरतपासणी होईपर्यंत जपून ठेवा. सर्व्हेच्या वेळी मालकाने स्वतः हजर राहावं, असा माझा आग्रह असतो. गॅरेजवाल्यावर सोपवून ऑफिसात बसलेल्या माणसाला कुठला भाग दुरुस्तीत गेला आणि कुठला बदलीत, हे शेवटच्या बिलावरच कळतं.

आता मला सगळ्यात चीड आणणारी गोष्ट: रचलेली गोष्ट. "डाव्या दाराचा जुना डेंटही यातच टाका हो" असं सांगणारे दर आठवड्याला भेटतात. त्यांना हो म्हणणारे मेकॅनिकही भेटतात. अहो, पोचलेल्या पत्र्यावर गंज चढलेला असतो, समोरची धडक आणि दारावरचा मार यांची दिशा जुळत नाही. सर्व्हेअरला हे बघताक्षणी कळतं, आणि मग खऱ्या नुकसानीकडेही तो संशयाने बघायला लागतो. याहून वाईट म्हणजे लायसन्स संपलेल्या मुलाने गाडी ठोकायची आणि फॉर्मवर वडिलांचं नाव घालायचं. टोल नाक्याचा कॅमेरा किंवा सोसायटीचं फुटेज निघालं की सगळा क्लेम जातो. गाडी कोण चालवत होतं, कुठे, कशी लागली, हे फॉर्मवर स्वतःच्या हाताने आणि खरं लिहा. कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही करून गॅरेजला देणाऱ्यांना मी फॉर्म परत करतो.

रस्त्यावर समोरच्याला पैसे देऊन "मिटवून टाकलं" म्हणू नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही किंवा पैसे द्यायचे नाहीत, अशी पॉलिसीची अट असते. कोणाला इजा झाली असेल तर आधी दवाखाना, मग पोलीस.

किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्यास पुढच्या हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा हिशेब करा. गाडी हलवण्याआधी नंबर प्लेट दिसेल असे फोटो काढा.

"सर्व्हेअरने पैसे कापले" या तक्रारीत तर बऱ्याचदा कापाकापी नसतेच, तो घसारा असतो, म्हणजे भाग वापरून जुना झाल्याबद्दलची वजावट. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीवर 50 टक्के, फायबर ग्लासवर 30, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, म्हणजे तीन ते चार वर्षांच्या गाडीला 25 टक्के. काचेवर काही नाही. शिवाय प्रत्येक क्लेमला 1500 सीसीपर्यंत 1000 आणि त्यावर 2000 रुपये सक्तीची वजावट, ती मालकानेच सोसायची. हे आकडे घेऊन आधी स्वतः बेरीज-वजाबाकी करा, मग वाद घाला.

वाद खरा असेल तर मात्र गप्प बसू नका. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. रक्कम पटली नसेल तर तसं लिहून कळवल्याशिवाय फुल अँड फायनलच्या, म्हणजे हीच रक्कम पूर्ण आणि अंतिम मान्य असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही. लागतात ते कागद, म्हणून सर्व्हेअरशी फोनवर जे बोलणं होतं ते त्याच संध्याकाळी कंपनीला ईमेलने पाठवून ठेवायला मी प्रत्येक गाडीमालकाला सांगतो.