खटल्याच्या घरातल्या आईवर लिहायचं, तर आधी माप काढा

आईची पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन नाहीतर वर्षश्राद्ध जवळ आलं की घरातल्या शिकलेल्या पोराकडे किंवा पोरीकडे काम येतं : आईवर चार पानं लिही. त्या पानांत 'कष्टाळू', 'सोशिक', 'त्यागमूर्ती', 'माउली' हे शब्द हमखास येतात आणि आई कुठे दिसत नाही. नाव बदललं तर तेच पान शेजारच्या काकूंनाही चालून जातं. वीस माणसांचं खटलं ओढलेल्या बाईचं मोठेपण तिच्या कामाच्या मापात असतं : किती, कधी, कशाने, कुणाबरोबर. ते माप काढायचं आणि मगच लिहायला बसायचं. आई हयात असेल तर उत्तम. नसेल तर तिच्या जावा, नणंदा, थोरल्या लेकी आणि जुने सालगडी यांच्याकडून बरंच हाती लागतं.

आधी बोलतं करणं. "तुझ्या काळी कसं होतं गं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "काय सांगायचं बाबा, राबराब राबलो." प्रश्न एवढा ऐसपैस असला की तिला धरायला काहीच मिळत नाही. त्यापेक्षा विचारा : "पहाटे उठल्यावर आधी चूल पेटवायचीस का जात्यावर बसायचीस?" "भाकरी आधी कुणासाठी निघायच्या, गड्यांसाठी का शाळेच्या पोरांसाठी?" "तू जेवायला बसायचीस तेव्हा टोपल्यात काय उरलेलं असायचं?" हा शेवटचा प्रश्न दुसऱ्या बैठकीसाठी ठेवा. त्याने बरंच काही बाहेर येतं, आणि पहिल्याच दिवशी ते सांगायची कुणाची तयारी नसते.

वेळ दुपारची, जेवणं आटोपल्यावरची. हाताला हलकं काम असू द्या. शेंगा फोडताना, लसूण सोलताना बायका जास्त मोकळ्या बोलतात. फक्त शेंगा सुपात फोडायला सांगा. स्टीलच्या ताटात टरफल पडलं तरी रेकॉर्डिंगमध्ये खणखणतं. फोन विमान मोडवर टाकून तिच्यापासून दीड हातावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. पंखा आणि टीव्ही बंद. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा, मग पुढे जा. चाळीस मिनिटांच्या वर ताणू नका, तीन-चार बैठकी करा. समोर कोण बसलंय यावरही पुष्कळ अवलंबून असतं. थोरला दीर किंवा कर्ता मुलगा समोर असला की ती त्यांच्याकडे बघून बोलते. माहेरची बहीण शेजारी बसली की तीच बाई हसते, नकला करते, हिशोब सांगते. आणि मध्येच "नाही गं, ते त्या साली नव्हतं" म्हणून टोकू नका. साल नंतर जुळवता येतं, तुटलेलं बोलणं पुन्हा जुळत नाही.

आता माप. ती लिटर-किलोत बोलणार नाही. तिचं माप शेर-पायलीचं : २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली. ही मापं आकारमानाची, वजनाची नव्हेत, आणि शेर भागाभागात लहानमोठा असतो. म्हणून घरात जुनं माप पडलेलं असेल तर त्यात ज्वारी भरून वजन करा आणि तोच आकडा धरा.

भाकरीचा हिशोब असा मांडा. खाणारी १८ माणसं, सकाळच्या वेळेला माणशी ३, म्हणजे ५४ भाकरी. १ किलो ज्वारीच्या पिठाच्या बेताच्या जाडीच्या साधारण १० भाकरी होतात, म्हणजे साडेपाच किलो पीठ. एक तव्यावर, एक निखाऱ्यापुढे आणि एक काठवटीत थापली जात असताना हात बसलेल्या बाईला भाकरीमागे दीड ते दोन मिनिटं लागतात. म्हणजे चुलीपुढे सव्वा ते पावणेदोन तास, आणि ही नुसती सकाळ. कालवण, दूध तापवणं, न्याहारी बांधून रानात पाठवणं यात धरलेलं नाही.

इथेच पुढचा प्रश्न येतो : आठवड्याचं दळण एकदम का नाही दळून ठेवलं? कारण ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना तुटते. मग उकळतं पाणी घालून पीठ मळावं लागतं, तरी ताज्या पिठाची सर येत नाही. म्हणून एक-दोन दिवसांपुरतं दळायचं आणि म्हणून रोज पहाटे जातं. असं कारण लिहिलं की 'पहाटे चारला उठायची' या वाक्याला वजन येतं. गावात पिठाची गिरणी कोणत्या साली आली तेही विचारा. बऱ्याच जणींच्या आयुष्याचे गिरणीआधी आणि गिरणीनंतर असे सरळ दोन भाग पडतात.

पाण्याचं तसंच. घरातला हंडा आणि कळशी लिटरच्या मापाने भरून बघा. हंडा १५ लिटरचा आणि कळशी ७ लिटरची निघाली, आणि आडावर रोज ८ खेपा होत असतील, तर १७६ लिटर पाणी डोक्यावरून आणि कमरेवरून आलं. आड किती लांब होता ते चालून मोजा. वाळवणं, बियाणं राखेत घोळवून कणगीत भरणं, शेणसारवण, खुरपणीचे दिवस, हे सालवार न विचारता हंगामाने विचारा : मृगात काय, पोळ्याआधी काय, सुगीत काय, चैत्रात काय. कुरडयांसाठी गहू किती दिवस भिजत घालायचे, पापड किती शेकडा व्हायचे, हे तिला आजही तोंडपाठ असतं.

एक पथ्य मात्र पाळा. खटल्यात सगळं एकटी करत नसते. भाकरी एका जावेकडे, धुणं दुसरीकडे, दूधदुभतं सासूकडे अशा पाळ्या असत. आईला मोठं करण्याच्या नादात जावांना पुसून टाकलं तर वाचणाऱ्या चुलत्याच्या घरात आयुष्यभराची खंत राहते, शिवाय ते खरंही नसतं. मुलं आईला काय म्हणायची तेही जसंच्या तसं येऊ द्या. एकत्र घरात पोटची पोरंसुद्धा चुलतभावंडांचं ऐकून आईला 'वहिनी', 'काकी' किंवा 'बाई' म्हणत. लेखात तिला उगाच 'मातोश्री' करू नका.

तारखा कागदावरून घेऊ नका. कागदावरची १ जून ही जन्मतारीख बहुधा शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली असते आणि १ जानेवारी नुसत्या वयावरून टाकलेली. त्यापेक्षा मोठ्या घटनांना गाठ मारा. पुण्याकडे पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), सातारा-सांगलीकडे कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट). मराठवाड्यातल्या अगदी म्हाताऱ्या बायकांना रझाकार आठवतात, म्हणजे १९४८. आणि १९७२ चा दुष्काळ जवळपास सगळीकडे चालतो. "दुष्काळात कडेवर कोण होतं आणि पोटात कोण होतं?" एवढ्या प्रश्नावर भावंडांची सालं लागतात. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती का, वाटपातली सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाल्ली का, तेही त्याच ओघात येतं. न जगलेल्या लेकरांबद्दल एकदाच विचारा. ती बोलली तर सगळं लिहून घ्या, गप्प राहिली तर पुढे जा.

ओव्या 'म्हणून दाखव' म्हटलं की आठवत नाहीत. जातं असेल तर दोन मुठी दाणे घेऊन बसवा. हात फिरला की शब्द येतात. ओवीत ती भावाचं, लेकीचं, सासुरवासाचं जे बोलते ते एरवी बोलत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून अशा लाखावर ओव्या जमवल्या. तुमच्या आईच्या पाच-दहा मिळाल्या तरी गाठीला राहतील. लिहून घेताना तिची बोली 'शुद्ध' करू नका.

कागदपत्रांत माहेरचं नाव आणि सासरी बदललेलं नाव दोन्ही शोधा. सातबारा आणि जुने फेरफार काढून बघा. जी जमीन तिने चाळीस वर्षं खुरपली तिच्यावर तिचं नाव पुष्कळदा नवरा गेल्यावर वारस म्हणूनच चढलेलं असतं, किंवा चढलेलंच नसतं. असेल तसं लिहा. वडील हयात असतील तर लक्ष्मी मुक्ती योजनेत संमतीने सहहिस्सेदार म्हणून नाव लावता येतं, तलाठ्याकडे चौकशी करा. पंचाहत्तरीला शाल-श्रीफळापेक्षा हे बरं.

फोटोत ती कडेला, अर्धी कापलेली किंवा नसतेच. जुने फोटो फ्लॅश बंद करून सावलीत, फोन अगदी समांतर धरून काढा. मागे नावं पेन्सिलीने लिहा, बॉलपेन पुढच्या बाजूने उमटतं. झिजलेलं खुरपं, विळी, काठवट यांचेही फोटो घ्या, हात दिसेल असे.

लिहिताना पहिला खर्डा झाला की सगळी विशेषणं खोडा आणि काय उरतं ते बघा. 'आईने अपार कष्ट केले' याच्या जागी असं काहीतरी यायला हवं : "माघात ज्वारी काढायला बाया लावल्या की ती तीनला उठे. दिवस उगवेपर्यंत साठ भाकरी दोन टोपल्यांत भरून वर ओलं फडकं, आणि तिसरी टोपली रिकामी, घरच्यांसाठी, अजून थापायची." कार्यक्रमात वाचायचं असेल तर पाच मिनिटांना साडेपाचशे-सहाशे शब्द पुरतात. त्याहून जास्त नको, मांडवात पंगत खोळंबलेली असते.

छापण्याआधी तिला सगळं मोठ्याने वाचून दाखवा. ती म्हणेल ते काढा, विशेषतः वाटणीचं आणि सासूचं. भाऊबंदकीचा दावा कोर्टात असेल तर त्याबद्दल एक ओळही छापू नका. पुस्तिका पिन मारून बांधायची तर पानं ४ च्या पटीत, १६ किंवा ३२ ठेवा. छापखान्यात युनिकोड मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये नेताना 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ्या, रफार आणि 'ॲ' हमखास मोडतात, म्हणून शेवटचं प्रूफ कागदावरच तपासा, आणि ते ज्याने लिहिलं नाही त्याने तपासावं. मूळ रेकॉर्डिंग फोनमध्येच ठेवू नका. नाव-तारीख घालून पेनड्राइव्हवर, मेलवर आणि एखाद्या भावंडाच्या संगणकावर टाका. व्हॉट्सॲपने पाठवायचं झालं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.