मशीनभोवतीची सकाळची फेरी: नव्या ऑपरेटरांसाठी

हेल्पर म्हणून लागून मला महिना झाला असेल. एका सकाळी पोकलेनच्या सीटवर बसूनच मी तपासणीचा फॉर्म भरून टाकला. ऑइल, पाणी, गळती, सगळीकडे टिक. उस्तादांनी मला खाली बोलावलं आणि बूमच्या (मशीनच्या मोठ्या हाताच्या) पायथ्याशी जमिनीकडे बोट दाखवलं. बशीएवढा ओला डाग होता. "हा काल होता का?" मला सांगता येईना, कारण काल मी तिथे बघितलंच नव्हतं. वर पाहिलं तर एक होज, म्हणजे ऑइलची रबरी नळी, क्लॅम्पला घासून घासून सोललं होतं आणि रबराखालची तारेची जाळी उघडी पडली होती.

त्या दिवसापासून फेरी मारताना मी तोच प्रश्न स्वतःला विचारतो: हे काल असं होतं का? नव्याने या कामात येणाऱ्यांनी एवढी एक सवय लावून घेतली तरी अर्धं काम झालं. मी खिशात खडू ठेवतो. मशीनवर ओलसरपणा दिसला की भोवती खडूने गोल काढून तारीख टाकतो. दुसऱ्या दिवशी डाग गोलाबाहेर आला असेल तर कोणाशी वाद घालावा लागत नाही.

फेरीआधी मशीन सपाट जागी, बकेट जमिनीला टेकलेलं, इंजिन बंद आणि चावी आपल्या खिशात. चावी मशीनला ठेवून खाली वाकू नका. आपण ट्रॅकजवळ असताना कोणी वर चढून स्टार्टर मारला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. इंजिन ऑइल सुरू करण्याआधीच बघायचं, रात्रभरात ते खाली ऑइल पॅनमध्ये उतरलेलं असतं. डिपस्टिकवर नुसती पातळी बघू नका, रंगही बघा. दुधाळ दिसलं तर ऑइलमध्ये पाणी गेलंय, इंजिन सुरूच करायचं नाही. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन तोंडावर येते.

बूम-बकेट हलवणाऱ्या हायड्रॉलिक ऑइलच्या बाबतीत नवी मुलं हमखास फसतात. सिलिंडरचे रॉड बाहेर असले की बरंच ऑइल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं आणि टाकीच्या काचेवर पातळी कमी दिसते. तेवढं बघून कोणी वरून ओततो, मग रॉड आत आले की टाकी भरून वाहते. म्हणून मॅन्युअलमध्ये बूम, आर्म (बूमच्या पुढचा हात) आणि बकेट ज्या स्थितीत ठेवायला सांगितलंय, तसंच ठेवून पातळी वाचायची.

आता गळतीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे माणसं हात गमावतात. कारच्या टायरमध्ये साधारण दोन-सव्वादोन बार दाब असतो. पोकलेनच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये तो 300 बारच्याही पुढे जातो. होजला सुईएवढं भोक पडलं तर बाहेर येणारी धार डोळ्यांना नीट दिसतही नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. हातमोज्यावर भरवसा ठेवू नका. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि माणूस फडक्याने पुसून पुन्हा कामाला लागतो. आत गेलेलं ऑइल मात्र बोट, तळवा, मनगट असं पसरत जातं. असं झालं तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं आणि "दाबाखालचं हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय" असं डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगायचं. मलमपट्टीवर भागत नाही, ऑपरेशन लागतं. म्हणून गळती शोधताना हात फिरवायचा नाही. लांब पुठ्ठा घ्या, तो होजपासून थोडा दूर धरून सरकवा, पुठ्ठा ओला झाला की जागा सापडली. इंजिन बंद केल्यावरही लाइनमध्ये दाब राहतो, तेव्हा मॅन्युअलप्रमाणे तो सोडल्याशिवाय कुठल्याही नटाला पाना लावायचा नाही.

लोखंड बघायलाही शिका. धुळकट मशीनवर एखादी जागा चकाकत असेल तर तिथे काहीतरी हलतंय, घासतंय. चाकाच्या नटापासून गंजाची रेघ निघालेली दिसली तर तो नट सैल असल्याचा दाट संशय घ्या. ट्रॅकच्या रोलरच्या बाजूला माती ओली, तेलकट चिकटली असेल तर आतलं सील गेलंय. बूमच्या वेल्डिंगजवळ रंगावर केसाएवढी रेघ दिसली तर फडक्याने पुसा. धूळ असेल तर जाईल. पुसूनही राहिली तर तडा समजून मेकॅनिकला बोलवा.

क्विक कपलर (बकेट झटपट जोडायची-सोडायची पकड) असलेल्या मशीनवर बकेट बदललं की केबिनमधून "बसलं" असं वाटणं पुरेसं नाही. खाली उतरून लॉक आणि पिन डोळ्यांनी बघायची, मग बकेट जमिनीला दाबून मागे ओढून बघायचं. एकदा मी असं दाबलं आणि बकेटची एक बाजू कपलरमधून सुटून तिरकी झाली. पुढच्या पिनवर ते लटकलं होतं, मागची पकडलीच गेली नव्हती. वीस टनी मशीनचं रिकामं बकेटही पाऊणएक टनाचं असतं. तेव्हा ते जमिनीला टेकलेलं होतं आणि आसपास कोणी नव्हतं. हीच चाचणी न करता ते मी वर उचललं असतं तर, हा विचार अजूनही अंगावर येतो.

चढताना तीन आधार: दोन हात एक पाय, किंवा दोन पाय एक हात. पायऱ्यांवरचा चिखल आधी खरवडा, या कामातल्या बऱ्याच दुखापती चढता-उतरतानाच होतात. सीट बेल्टची विण फाटलेली नको. मशीन उलटलं तर केबिनची चौकट तुम्हाला वाचवते, पण तुम्ही तिच्या आत राहिलात तरच. म्हणून त्या चौकटीला परस्पर भोक पाडू देऊ नका की वेल्डिंग करू देऊ नका. आरसे, हॉर्न, रिव्हर्स अलार्म, ब्रेक हे पटापट होतं. एक गोष्ट मात्र विसरू नका: सेफ्टी लिव्हर (जॉयस्टिकचं काम बंद करणारा दांडा) लॉक करून जॉयस्टिक हलकेच हलवा. काहीही हललं तर मशीन बंद.

सुपरवायझर म्हणतील, "आजचा दिवस काढून घे, उद्या बघू." मलाही म्हणाले होते. अशा वेळी "होज खराब आहे" असं मोघम लिहू नका. "डाव्या बूम सिलिंडरच्या होजची जाळी दिसते, मशीन 7.20 ला बंद ठेवलं" असं लिहा, वेळेसकट. चावी द्या, लिव्हरला टॅग बांधा. त्या दिवशी अर्धी पाळी वाया गेली आणि बोलणीही खाल्ली, पण तशा लिहिलेल्या नोंदीखाली "चालवा" म्हणून सही करायला कोणी पुढे आलं नाही. दुपारी नवं होज बसलं.

पाळी बदलताना लॉगबुक वाचण्याआधी उतरणाऱ्या ऑपरेटरला गाठा. तो घाईत असतो, तरी दोन मिनिटं थांबवा आणि विचारा, "आज काही वेगळा आवाज आला का?" "स्विंग करताना (मशीनचा वरचा भाग फिरवताना) जरा कटकट येते" असली वाक्यं लॉगबुकात क्वचितच उतरतात, ती तोंडीच कळतात.