मुलाला न घाबरवता, एकटं रडत न सोडता झोपवायचं कसं (ख्रिस्ती आईबापांसाठी)

मूल रात्री झोपत नाही म्हटलं की ख्रिस्ती घरात सल्ले दुप्पट येतात. "रडू दे, आपोआप सवय लागेल" हे सगळीकडेच ऐकू येतं पण आपल्याकडे त्याला लगेच नीतिसूत्रे १३:२४ जोडून मिळतं, छडी आवरली तर तू मुलाची वैरी, आणि सांगणारी माणसं आपल्याच मंडळीतली, प्रेमळ असतात म्हणून नवीन आई अजूनच गोंधळते. मी माझी तीन मुलं आणि नंतर बहिणीची दोन झोपवलीत, महिला मंडळातल्या कितीतरी जणींशी याच विषयावर बोललेय, आणि माझं मत पक्कं आहे की लहान मुलाचं रात्रीचं रडणं हे बंड नसतं. त्याला भूक असते, भीती असते, किंवा अजून एकट्याने झोपी जाता येत नसतं. शिस्तीची वचनं त्या रडण्याला लावू नका. छडीचं वचन सांगणाऱ्यांना इफिस ६:४ पण पाठ असायला हवं, मुलांना चिरडीस आणू नका, आणि ते वचन खास बापांना लिहिलंय.

एक गोष्ट आधीच सांगते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कसलंही ट्रेनिंग नको, उठलं की दूध पाजा, विषय संपला. १९९० च्या दशकात अमेरिकेत गॅरी एझो यांची वेळापत्रक लावून दूध पाजायची आणि झोपवायची पद्धत चर्चमधूनच खूप पसरली होती, तिच्याबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने १९९८ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला, कारण बाळांचं वजन न वाढणं, अंगातलं पाणी कमी होणं अशा तक्रारी आल्या होत्या. आणि त्याच देशात, त्याच विश्वासातले डॉ. विल्यम सिअर्स बरोबर उलटं सांगत होते, बाळाला जवळ ठेवा, रडलं की उचला. म्हणजे "बायबलप्रमाणे झोपवायची पद्धत" अशी एकच एक काही नाहीये, तसं कोणी ठामपणे सांगत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आता तयारी. जेवण, सू, दात, मंद दिवा, मोबाइल आणि टीव्ही बंद, हे तुम्हाला माहीतच आहे. दुपारची झोप संध्याकाळी सहापर्यंत चालली असेल तर नऊला झोपायची अपेक्षा करू नका. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसारात्रीची मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३, त्यात दुपारची पण धरायची.

वर्षाच्या आतलं बाळ पाठीवरच झोपवा, सपाट टणक गादीवर, उशी नाही, दुलई नाही, मोहरीची उशीसुद्धा नाही, आणि खोली तुमचीच पण गादी त्याची वेगळी. शलमोनाच्या न्यायाची गोष्ट संडे स्कूलमध्ये सगळ्यांनी ऐकलेली असते पण ती सुरू कुठून होते ते कोणी सांगत नाही, रात्री आई बाळाच्या अंगावर पडते आणि बाळ दगावतं (१ राजे ३:१९). दारू प्यालेल्या किंवा झोपेची गोळी घेतलेल्या माणसाशेजारी बाळ कधीच नको.

कौटुंबिक प्रार्थना जेवणाआधी घ्या. रात्री साडेनऊला आजोबा पूर्ण अध्याय वाचणार आणि दोन वर्षांचं पोर पेंगून पेंगून शेवटी चिरचिर करणार, मग त्याला दटावणार, हे बंद करा. झोपायच्या वेळची प्रार्थना त्याची वेगळी, दोन मिनिटांची.

आणि आता खरी अवघड जागा, "आमेन" म्हटल्यापासून झोप लागेपर्यंतची. मला सगळ्यात जास्त त्रास इथेच झाला आणि बहुतेक घरं इथेच हरतात. बाकी सगळं जमतं, आंघोळ जमते, गाणं जमतं, आणि मग दिवा मालवला की पाणी, सू, पोट दुखतंय, आणि शेवटी आरडाओरडा.

पहिले तीन-चार दिवस शेजारी बसून पाठीवर थोपटा, पण झोप लागायच्या जरा आधी थोपटणं थांबवा आणि हात नुसता ठेवा. मग पुढचे काही दिवस सुरुवातीपासूनच नुसता हात. मग हात काढून शेजारी बसायचं. मग हातभर लांब. एका खोलीचं घर असेल तर तुम्ही तुमच्या अंथरुणावर आडवं व्हा, ते पण चालतं, मूल वेगळ्या खोलीत गेलंच पाहिजे असा नियम कुठेही नाही. लूक ११:७ मधला माणूस मध्यरात्री मित्राला काय सांगतो, मुलं माझ्याजवळ अंथरुणात आहेत. ताप आला, दात येतायत, गावाला जाऊन आलात की दोन पायऱ्या मागे या आणि पुन्हा पुढे चला. गीत रोज एकच, ना. वा. टिळकांचं असो की आजीचं आवडतं असो, संथ म्हणायचं आणि दोनदाच. गप्पांना उत्तर द्यायचं नाही, एकच वाक्य ठरवून ठेवा, "आई इथेच आहे, झोप आता," आणि तेच त्याच आवाजात.

मुलं फार हुशार असतात, त्यांना लवकर कळतं की या घरात प्रार्थनेला कोणी नाही म्हणत नाही. मग चिंगी मांजरीसाठी प्रार्थना, रिक्षावाल्या काकांसाठी, वॉचमनसाठी, वॉचमनच्या सायकलसाठी. ऐकायला गोड वाटतं पण अर्धा तास जातो. तीन नावं घ्यायची, बाकीची सकाळी, असं आधीच ठरवा आणि सकाळी आठवणीने घ्या, नाहीतर त्याचा तुमच्यावरचा विश्वास जातो. इथे नाही म्हटलं म्हणून मूल रडेल. रडू दे. तुम्ही शेजारी आहात ना. जेंटल पॅरेंटिंग म्हणजे मुलाच्या डोळ्यात पाणी येऊच न देणं असं कोणीतरी पसरवलंय ते साफ चुकीचं आहे, मर्यादा घालायची, फक्त ओरडून किंवा मारून नाही, आणि त्याच्या रागाच्या वेळी तिथून पळून जायचं नाही.

मूल झोपलंय समजून चोरपावलांनी सटकू नका. मध्येच जाग आली आणि आई गायब दिसली की दुसऱ्या रात्री ते डोळेच मिटणार नाही. जायचं असेल तर सांगून जा, "मी भांडी आवरून येते," आणि ते जागं असतानाच परत या. मूल उठून तुमच्याकडे आलं तर मला नेहमी एली आठवतो. लहान शमुवेल रात्री तीनदा उठून त्याच्याकडे गेला, आणि त्या म्हाताऱ्या, डोळे अधू झालेल्या माणसाने वसकन ओरडण्याऐवजी मी हाक मारली नाही, जाऊन नीज, असंच दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदाही परत निजायलाच पाठवलं. तसंच करायचं, हात धरून परत नेऊन निजवायचं.

आणि एक गोष्ट तर अजिबात करू नका. "देव बघतोय हं, डोळे मीट", "झोपला नाहीस तर सैतान येईल" असं कोणालाही म्हणू देऊ नका, अगदी सासूबाईंना सुद्धा. त्यांना वेगळं बसवून, आदराने, पण स्पष्ट सांगा, "आई, त्याला अंधाराची भीती बसतेय, तुम्ही त्याला स्तोत्र १२१ म्हणून दाखवा ना." आजीला काम मिळतं आणि मुलाला ते पाठ होतं. रक्षण करणारा डुलकीसुद्धा घेत नाही, हे ज्या मुलाला रोज प्रेमाने ऐकवलंय त्याच्यासाठी देव म्हणजे धाक राहत नाही.

खरं तेही सांगायला हवं. सहा महिन्यांवरच्या बाळांना ठरावीक अंतराने जवळ जाऊन, थोडं रडू देऊन झोपवायच्या पद्धतींनी पुढे नुकसान होतं असं दिसलेलं नाही, ऑस्ट्रेलियातल्या २०१२ च्या अभ्यासात ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली तर काही फरक नव्हता. त्यामुळे तुमच्या बहिणीने तसं केलं असेल तर तिला दोषी ठरवू नका. मी ते करत नाही कारण यशया ६६:१३ मध्ये देव स्वतःच्या सांत्वनाला आईच्या सांत्वनाची उपमा देतो, आणि मला माझ्या मुलांना हाकेला ओ मिळते हे आधी माझ्याकडून कळायला हवंय.

रात्रीचं उठणं नवऱ्याबरोबर वाटून घ्या. दूध तुटलेल्या मुलाला बाबा झोपवू शकतात, पहिले काही दिवस आईसाठी रडेल, नंतर बाबांच्याच कुशीत लवकर झोपेल. थकलेल्या आईला "प्रार्थना कर, शक्ती मिळेल" एवढंच सांगून थांबू नका. एलिया खचून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर दिली, मग पुन्हा झोपू दिलं. बाळंतपणानंतर मन उदास असेल, मूल झोपलं तरी झोप येत नसेल तर डॉक्टरांकडे जा, लाज बाळगू नका. मूल रोज घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल तरी डॉक्टरच. रात्रीच्या पहिल्या प्रहरात किंचाळून उठलं आणि तुम्हाला ओळखत नसेल तर हलवून जागं करू नका, नुसतं जवळ बसा, थोड्या वेळाने आपोआप शांत होतं.

कॉटेज मीटिंग (कोणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थनासभा) रात्री उशिरापर्यंत चालत असेल तर दोघांपैकी एकाने मुलाला घेऊन आठलाच निघायचं, पाळकांना आधी सांगून ठेवलं की कोणी मनाला लावून घेत नाही.