खाडीतला जिताडा गळाला कसा लावावा

रॉड, रीळ तुमच्याकडे आहे आणि चिखलात पाय घालायची सवय आहे, असं धरून चालतो. ३० पौंडांची ब्रेडेड दोरी, तिच्यापुढे मीटरभर ५० पौंडांचा तंगूस (नायलॉनचा जाड धागा) आणि ५/० चा गळ, एवढं पुरतं. तंगूस बारीक घेऊ नका. जिताड्याला कापणारे दात नसतात, पण कल्ल्यावरचं झाकण पात्यासारखं धारदार असतं आणि मान झटकली की दोरी त्यावरच घासते.

आमिष जिवंत हवं: मोठी कोळंबी नाहीतर वीतभर बोय मासा. कोळंबीला गळ डोक्यावरच्या काट्याच्या बुडाशी लावा, पण आतल्या काळ्या ठिपक्याला टोचू नका, नाहीतर ती लगेच मरते. मेलेली कोळंबी टाकाल तर शिंगाळा मासाच येईल.

आता वेळ आणि जागा. इथेच सगळे चुकतात, मीही दोन वर्षं चुकलो. "भरती भरली की मासा येतो" हा सल्ला प्रत्येक धक्क्यावर ऐकायला मिळतो. जिताड्यासाठी तो साफ चुकीचा आहे. भरती भरली की पाणी कांदळवनात पसरतं, बारकी मासळी मुळांत शिरते, तिच्या मागे जिताडाही आत जातो. तुम्ही काठावर उभे आणि मासा झाडांच्या जाळीत, तिथे गळ पोचतच नाही. मी अशा भरलेल्या पाण्यात तासन्‌तास बसायचो. शेवटी अलिबाग-पेणकडच्या खारेपाटातल्या एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "पाणी बाहेर कुठून येतंय ते बघितलंस का?" तेवढ्या एका प्रश्नाने माझी मासेमारी बदलली.

जिताडा पाठलाग करणारा मासा नाही, दबा धरणारा आहे. ओहोटी लागली की खाजणातलं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतलं पाणी नाळ्यांतून (छोट्या ओहोळांतून) आणि बाहेरकाठ्याच्या, म्हणजे खाडीकडच्या बांधाच्या उघाडीतून (पाणी सोडायच्या दारातून) खाडीत पडायला लागतं. त्याबरोबर कोळंबी आणि बोयची पिल्लं ओढली जातात. जिताडा त्या तोंडाशी थांबतो, पण धारेच्या मध्यात नाही. धारेच्या कडेला, दगडाच्या किंवा खांबाच्या आडोशाला, जिथे पाणी संथ असतं तिथे, तोंड धारेकडे करून. धरमतरच्या किंवा रेवदंड्याच्या खाडीकाठी नीट बघा: आतून येणारं पाणी आणि खाडीचं गढूळ पाणी यांच्यामध्ये रंगाची रेघ दिसते. आमिष त्या रेघेवरून वाहत जायला हवं. म्हणून शिसं कमीत कमी लावा, धारेच्या वरच्या बाजूला टाका आणि पाण्याला काम करू द्या. जड शिसं लावून आमिष तळाला बसवणं मला अजिबात पटत नाही.

वेळेसाठी मोबाइलवरचं भरतीचं कोष्टक बघा, पण जुना हिशेबही यायला हवा: तिथीला ३ ने गुणून ४ ने भागा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर ४ गुणिले ३ म्हणजे १२, भागिले ४, म्हणजे ३ वाजता. पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पाणी सगळ्यात खाली. खाडीत आत गेलं की यात थोडा उशीर धरावा लागतो. सुकतीआधीचे दोन तास हीच खरी वेळ. माझ्या आवडत्या तिथी म्हणजे दोन्ही पक्षांतल्या तृतीया-चतुर्थी, कारण ते दोन तास सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि दिवेलागणीला येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला धार फार आणि पाणी चिखलासारखं, तेव्हा मी घरी असतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत पाणी निवळ असतं, पण ओढ कमी, मग उघाडीपेक्षा अरुंद नाळं धरा.

एक कळकळीने सांगतो: उघाडीच्या झडपेवर उभे राहू नका आणि एकटे जाऊ नका. बांधाखालचा चिखल मांडीपर्यंत गिळतो. शिवाय त्या उघाडीवर गावातल्या कोणाचा हक्क असेल, तर आधी विचारूनच बसा.

मासा लागला हे ऐकू येतं: पाण्यात "धप्प" असा आवाज होतो. पहिल्या टिचकीला ओढू नका. रॉडचं टोक वाकून धरून राहिलं की मगच ठामपणे उचला. रीळ सुरुवातीला आवळलेलंच ठेवा, कारण तो सरळ दगडांकडे पळतो आणि तिथल्या कालवांवर दोरी क्षणात तुटते. उडी मारायला वर आला की रॉडचं टोक पाण्याजवळ खाली न्या, दोरी सैल पडू देऊ नका. माझे बहुतेक मासे याच क्षणी सुटलेत, तेही रॉड उंच धरल्यामुळे.

काठाशी जाळीने उचला. कल्ल्यात बोटं घालू नका, मला एकदा टाके पडलेत.

मोठा मासा परत सोडा. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, त्यामुळे तीन फुटांच्या आसपासचे बहुतेक मासे माद्या असतात आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी अंडी त्याच घालतात. सोडताना पाण्यातच धरा, तोंड धारेकडे करा आणि तो स्वतः शेपटी मारेपर्यंत हात काढू नका. दोन-अडीच किलोचा मात्र घरी न्या: कल्ला तिथेच कापून रक्त काढा आणि लगेच बर्फात घाला.