मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर दोऱ्याने मोजा, तास तिकिटावरून काढा

माझी लेक न्यू जर्सीत असते. पहिल्या खेपेला मी तिकीट पाहिलं: मुंबईहून रात्री 1.30 ला निघणार, न्यूयॉर्कला सकाळी 7 ला पोचणार, तारीख तीच. साडेपाच तासांचाच प्रवास समजून ह्यांच्या साखरेच्या गोळ्या एका वेळेपुरत्या जवळ ठेवल्या, बाकीच्या मोठ्या बॅगेत घातल्या. विमानात सोळा तास गेले आणि माझा जीव टांगणीला लागला. तेव्हापासून मी आधी तास काढते, मगच बॅग भरते.

अंतर काढायला पृथ्वीचा गोल घ्या. भिंतीवरचा नकाशा नको, तो सपाट असल्यामुळे फसवतो. मी शिवणकाम करते, त्यामुळे दोरा आणि टेप घरातच. आधी विषुववृत्तावरून दोरा फिरवून त्याची लांबी मोजा. भाच्याच्या गोलावर ती 94 सेंटिमीटर भरली. पृथ्वीचा घेर साधारण 40,000 किलोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला सव्वाचारशे किलोमीटर.

आता दोऱ्याचं टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर न्या आणि दोरा ताठ ओढा. सैल असेपर्यंत तो भूमध्य समुद्रावर लोळतो. ताण दिला की आपसूक वर सरकतो: सिंध, कंदाहार, कझाकस्तान, फिनलंड, मग थेट आइसलंड, आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडा. लेकीकडची जवळची वाट बर्फाच्या मुलखावरून जाते, हे मला माझ्याच दोऱ्याने दाखवलं! तो साडेएकोणतीस सेंटिमीटर भरला. म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर.

विमान अगदी दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा त्यांना अरबी समुद्रावरून वळसा पडू लागला.

ताशी 900 किलोमीटरने भागलं तर चौदा तास येतात. पण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जायला जास्त वेळ लागतो.

नेमके तास तिकिटावरून काढा. त्यावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. न्यूयॉर्क आपल्यामागे हिवाळ्यात साडेदहा तास असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. जाताना हा फरक मिळवायचा, येताना वजा करायचा. आमचा प्रवास जानेवारीतला: दिसायला साडेपाच, त्यात साडेदहा मिळवले की सोळा. येताना सकाळी 11.30 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ला मुंबई. दिसायला साडेचोवीस, साडेदहा वजा, राहिले चौदा.

त्यात घरापासून विमानतळापर्यंतचा आणि तिथल्या रांगांचा वेळ धरा. घरातलं कुणी रोजच्या गोळ्या घेत असेल, तर हे तास कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या आणि गोळ्यांच्या वेळा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. गोळ्या सगळ्याच्या सगळ्या हातातल्या पिशवीत.